माणूसघाणा कोणाला म्हणता?

आपल्या वस्तीत माणसाला नाव ठेवायला वेळ लागत नाही. सोयऱ्याच्या लग्नाला न गेलेला, जयंतीची वर्गणी मागायला पोरं आली तरी दार न उघडणारा, विहारात आलाच तर मागच्या भिंतीला टेकून उभा राहणारा आणि खीर वाटायच्या आधी निघून जाणारा एखादा पोरगा असतो. त्याच्यासाठी शब्द ठरलेले आहेत. घुमा. एककल्ली. माणूसघाणा. त्यात तो इंजिनिअरिंगला गेलेला असला तर मग विचारूच नका, "शिकला आन् माजला, आता आपली माणसं नकोत त्याला." बाईसाठीचे शब्द वेगळे आहेत. "घरात कोण आलं तर च्या सुदिक विचारत न्हाई, माहेरचा लई तोरा हाय." आणि नवरा-बायकोपैकी एक जण महिनोन् महिने गप्प राहू लागला की शेजारपाजार निकाल देऊन मोकळा होतो: बाहेर काहीतरी भानगड आहे.

आरोग्य म्हटले की आपण साखर, बीपी, मुतखडा, अंगावरून जाणे एवढ्यावरच बोलतो. मनाचा विषय निघाला की "तो खुळ्यांचा डॉक्टर" म्हणून हसण्यावारी नेतो. पण वारणानगर, कोडोली, आजूबाजूच्या वाड्यावस्त्या, कुठेही जाऊन बघा. सोयरिकी मोडणे, लेक माहेरी येऊन बसणे, भावाभावांत बोलणे बंद होणे, यातल्या कितीतरी भांडणांच्या मुळाशी कोणाचे तरी ओळखले न गेलेले नैराश्य किंवा माणसांची भीती असते. माझे म्हणणे असे की ही नाती आजारापेक्षा घराने आजाराचा जो उलटा अर्थ लावला त्यानेच जास्त तुटतात. गप्प बसणे हा आपला अपमान आहे असे एकदा घराला वाटले, की पुढचे सगळे चुकतच जाते.

आधी हे दोन आजार साध्या शब्दांत समजून घेऊ.

माणसांची भीती, म्हणजे डॉक्टर ज्याला सामाजिक चिंता विकार म्हणतात ती, बुजरेपणाच्या पुढची गोष्ट आहे. चार लोक आपल्याकडे बघत आहेत, आपले काहीतरी चुकणार, लोक हसणार, या विचाराने छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, तोंड कोरडे पडते. माणूस त्या जागा टाळायला लागतो. फोन वाजला तर उचलत नाही. चारचौघांत जेवत नाही. बँकेत स्लिप भरताना मागे कोणी उभे असले तर सहीसुद्धा नीट येत नाही. हे बहुतेकदा तेरा-चौदाव्या वर्षापासून सुरू होते आणि घरचे म्हणतात, मोठा झाला की जाईल. सहा महिन्यांहून जास्त काळ असे चालले आणि शाळा, काम, नाती अडायला लागली तर तो आजार समजावा.

नैराश्यात मन उदास राहते एवढेच नसते. ज्यात गोडी होती त्यातली गोडी जाते. झोप उडते किंवा माणूस झोपूनच राहतो. भूक जाते. अंगात शिसे ओतल्यासारखे जड वाटते. आपण घराला ओझे आहोत, आपल्यामुळेच सगळे बिघडले असे वाटत राहते. दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ असे राहिले तर डॉक्टर गाठावा. दोन्ही आजार एकाच माणसात एकत्र असणे हेही नेहमीचे आहे. पोर वयात येताना माणसांची भीती, ती टाळता टाळता एकटेपण, आणि त्या एकटेपणातून पुढे नैराश्य.

२०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आपली माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत. आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येणारे वीस प्रौढांत साधारण एक निघाले. नैराश्य आणि चिंता अशा नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या शंभर रुग्णांत सुमारे पंचाऐंशी जणांना कसलाही उपचार मिळालेला नव्हता. तुमच्या गल्लीतली घरे मोजा आणि हिशेब तुम्हीच करा.

आता नात्यांकडे येऊ, कारण हा आजार आधी दिसतो तो नात्यांतच. रक्त तपासून तो कळत नाही.

मुलीकडे बघण्याची आपली रीत बघा. पाहण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी देताना पोरीचा हात थरथरला, तिने मान वर केली नाही, विचारले तेवढ्याचेच उत्तर दिले, तर पाहुणे खूश. लाजाळू आहे, गुणाची आहे. ज्या भीतीसाठी तिला चार वर्षांपूर्वीच मदत मिळायला हवी होती, तिलाच आपण संस्कार म्हणून पसंती देतो. लग्नानंतर तीच पोर सासरी येते. आता तिने पाहुण्यांशी बोलावे, बचत गटाच्या बैठकीत नाव पुकारले की उठून उभे राहावे, नणंदेच्या सासरी फोन करून ख्यालीखुशाली विचारावी, अशी अपेक्षा असते. तिला ते जमत नाही. ती चुलीपाशी काम काढून बसते. सासूला वाटते आपल्याला किंमत देत नाही. नवऱ्याला वाटते, मित्र आले की ही आत जाऊन बसते, हिला मी आवडलोच नाही. सहा महिन्यांपूर्वी ज्याला गुण म्हणाले त्यालाच आता खोड म्हणतात, आणि पोरीला तर कळतच नाही की आपले बिघडले तरी काय.

मुलग्याचे उलटे. बोलत नाही म्हणून त्याला "बायल्या" म्हणून हिणवतात. साखरपुडा होतो, लग्नाला चार महिने असतात, नवरी मुलगी फोन करते आणि हा उचलत नाही. मोबाईलवर दोन ओळी लिहून पाठवतो, त्याही रात्री उशिरा. ती समजते, याचे दुसरीकडे आहे, घरच्यांनी जबरदस्तीने कबूल करायला लावले. बोलणे वाढते आणि सोयरीक मोडते. पोराला मात्र फोन वाजला की पोटात गोळा येत होता, एवढीच गोष्ट असते. असे पोरगे पुढे हळदीच्या रात्री दोन घोट घेऊन नाचायला शिकतात. घेतली की भीती उतरते, चार माणसांत बोलता येते. मग बोलायचे म्हटले की घ्यावीच लागते. आपल्या वस्तीतल्या दारूच्या कहाण्यांत गरिबी आहे, संगत आहे, आणि ही भीतीही आहे. तिच्याकडे आपण कधी पाहिले नाही.

नैराश्याचा मार संसाराला जास्त बसतो. या भागाचे जगणे कारखान्याच्या भोंग्यावर बांधलेले आहे. तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखाना उभा केला, त्याच्याभोवती दूध संघ, वारणा बाजार, शाळा-कॉलेजे वाढली आणि आपल्यातल्याही अनेकांना त्यातून भाकरी मिळाली. पण पाळीची नोकरी झोप मोडते, आणि झोप मोडणे हे नैराश्याला आवतण आहे. हंगामी कामगाराला गळीत संपले की पुढचे काही महिने हाताला काम नाही. तो घरी बसतो, चिडचिडतो, मग चिडचिडही थांबते आणि तो नुसता पडून राहतो. बायको आठ घरची कामे करून येते आणि हा खाटेवर. ती बोलणारच. "उठा की आता, गडी माणसाला शोभतं का हे?" तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. तिला कोणी सांगितलेलेच नाही की याला आळस म्हणत नाहीत.

त्याहून अवघड गोष्ट अंथरुणाची आहे, आणि ती कोणी बोलत नाही म्हणून इथे लिहितो. नैराश्यात शरीरसंबंधाची इच्छा कमी होते किंवा पार जाते. उपचाराच्या काही गोळ्यांनीही तसे होते. नवरा जवळ येत नाही म्हणून बायकोला संशय, बायको अंगाला हात लावू देत नाही म्हणून नवऱ्याला संशय. मोबाईल तपासणे सुरू होते, माहेर-सासरच्या बैठका बसतात, पंच बोलावले जातात. बैठकीत बाहेरच्या माणसाचे नाव शोधले जाते. डॉक्टरला विचारावे हे कोणाच्या डोक्यात येत नाही. गोळीचा परिणाम असेल तर डॉक्टरला सांगितल्यावर गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. हे एक वाक्य ठाऊक नसल्यामुळे संसार मोडतात, याचे मला फार वाईट वाटते.

आजारी माणसाचे वागणेही सोबतच्याला दमवते, हे मान्य करायला हवे. नैराश्यातला माणूस पुन्हा पुन्हा विचारतो, "तू माझ्यावर रागावलीस का? मी नकोसा झालोय का तुला?" बायको तीनदा "न्हाई हो" म्हणते. चौथ्यांदा तिचा आवाज चढतो. तो म्हणतो, बघ, मला ठाऊकच होतं. दोघेही खोटे बोलत नसतात. आजार त्यांना या फेऱ्यात फिरवतो. यातून बाहेर पडायचे तर उत्तराचा शब्द आधीच ठरवून ठेवावा लागतो: "रागावले न्हाई. हे तुमचं दुखणं बोलतंय. चला, आपण जरा बाहेर चालून येऊ." चौथ्यांदाही तेच, पाचव्यांदाही तेच.

इंग्लंडमध्ये जिल हूली आणि जॉन टीजडेल या दोघांनी नैराश्यातून उठलेल्या विवाहित रुग्णांचा अभ्यास केला होता. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांना त्यांनी एक अगदी साधा प्रश्न विचारला होता: तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो, दहापैकी आकडा सांगा. ज्यांनी मोठा आकडा सांगितला त्यांचा आजार उलटण्याचे प्रमाण जास्त निघाले. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची पत्नीबद्दलची कर्तव्ये सांगितली, त्यांत तिचा मान राखणे आणि तिचा अवमान न करणे हे सर्वांत आधी येते. आपल्याकडे ते लग्नविधीत ऐकून सोडून देतात. हा उपदेश औषधाच्या चिठ्ठीइतकाच कामाचा आहे.

काही जण म्हणतील, आपला समाज लढाऊ आहे, बाबासाहेबांची लेकरे अशी खचत नसतात. हे वाक्य मला आवडत नाही. त्याने खचलेल्या माणसाला आणखी अपराधी वाटते. बाबासाहेबांचाच दाखला घ्या. १९२६ साली त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याआधी तीन लेकरे गेली होती. कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांनी, म्हणजे शाहू महाराज आणि बाबासाहेब यांची गाठ पडण्यात ज्यांचा वाटा होता त्या मित्राने, सांत्वनाचे पत्र पाठवले. ऑगस्ट महिन्यात बाबासाहेबांनी त्याला उत्तर लिहिले. मी आणि रमाबाई सावरलो आहोत असे त्यांनी दाखवले नाही. या धक्क्यातून आम्ही उठू असे वाटत नाही, आयुष्यातला रस गेला, असेच त्यांनी त्या पत्रात मोकळेपणाने कळवले. त्यानंतर आठ महिन्यांत महाडचा सत्याग्रह झाला. ते दुःख होते, त्याला मी आजार म्हणत नाही. पण एवढ्या मोठ्या माणसाला "माझे मन मोडले आहे" हे कोल्हापूरच्या मित्राला लिहिताना कमीपणा वाटला नाही. आपल्या पोरांना मात्र तो वाटावा अशी व्यवस्था आपणच करून ठेवली आहे.

आपल्या समाजात माणसांच्या भीतीला आणखी एक कारण आहे, ते टाळून चालणार नाही. कॉलेजात, मुलाखतीत, भाड्याची खोली बघायला गेल्यावर आडनाव विचारले जाते. उत्तर दिल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. असे दहा वेळा झालेले पोर अकराव्या वेळी तोंड उघडायला घाबरणारच. लोक आपल्याला जोखतात ही त्याची भीती कल्पनेतली नसते, त्याने ती भोगलेली असते. म्हणून अशा पोराला "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असे डॉक्टरने म्हटले तरी ते अपुरे आहे. पण दुसरी बाजूही आहे. भीती बाहेरून शिकवली गेली तरी ती वस्तीत, विहारात, स्वतःच्या बायकोसमोरही येऊ लागली, की जातीला दोष देऊन ती जात नाही. जातीशी लढाई चालू ठेवायची आणि दवाखान्यातही जायचे. एकाने दुसरे थांबत नाही.

आता "लग्न लावून द्या, मार्गी लागेल" या सल्ल्याबद्दल. मी या सल्ल्याच्या पूर्ण विरोधात आहे. लग्न हे नैराश्याचे किंवा भीतीचे औषध नाही. ते एका परक्या घरातल्या माणसाला, बहुतेकदा पोरीला, न विचारता रुग्णसेवेला लावणे आहे. आधी उपचार करा, बरे वाटू द्या, आणि सोयरीक करताना मोकळेपणाने सांगा की असा त्रास होता, औषध चालू आहे. यातून दोन स्थळे हातची जातील. जाऊ द्या. लपवून केलेल्या लग्नात पोराला गोळ्या चोरून खाव्या लागतात, मग तो त्या सोडतो आणि आजार उलटतो.

याच्या उलटचे टोकही वाईट. बायकोला नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत हे कळल्यावर "वेडी गळ्यात मारली" म्हणून घटस्फोटाची भाषा सुरू होते. आपल्या बौद्धांनाही १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे. त्यात मानसिक आजाराचे कारण दिलेले आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट केले की आजाराचे नुसते नाव पुरत नाही. सोबत राहणे अपेक्षितच धरता येणार नाही इतका तो तीव्र आहे हे सिद्ध करावे लागते. तो खटला तर स्किझोफ्रेनियाचा होता. उपचाराने बऱ्या होणाऱ्या नैराश्याची चिठ्ठी दाखवून कोणी धमकावत असेल तर घाबरू नका.

पण एक गोष्ट ठामपणे वेगळी काढतो. मारहाण हे नैराश्याचे लक्षण म्हणून माफ करायचे नाही. नवरा आजारी आहे म्हणून बायकोने मार खात राहावे असा अर्थ या लेखातून कोणी काढू नये. आजाराला दवाखाना आहे आणि मारहाणीला पोलीस आणि कायदा. दोन्हीकडे एकाच दिवशी जाता येते.

देवऋषीकडे जाण्याबद्दल बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला काय सांगायचे? तरी सांगावे लागते, कारण रात्रीच्या अंधारात लिंबू उतरवून टाकणारी घरे आपल्यातही आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारझोड, चटके देणे हा गुन्हा ठरवला आहे. दुसरी चूक सुशिक्षित घरांत होते. मन उदास आहे ना, मग विपश्यनेला पाठवा. हातकणंगले तालुक्यात आळते इथे केंद्र आहे, जवळच आहे. साधनेबद्दल मला आदर आहे. पण दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातच मानसिक आजार आणि औषधे यांची विचारणा असते, आणि ती उगाच नसते. दहा दिवस मौन हे तीव्र नैराश्यातल्या माणसाला झेपेलच असे नाही. आजार लपवून कोणाला तिथे पाठवू नका. औषध बंद करून तर मुळीच नाही.

जायचे कुठे? वारणानगरहून कोडोलीचे सरकारी रुग्णालय जवळ आहे. तिथे मनोविकारतज्ज्ञ रोज असतील असे धरून चालू नका, पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची तपासणी कोणत्या दिवशी, कुठे असते ते विचारा. आशाताईंनाही विचारता येते. कोल्हापुरात दसरा चौकाजवळ सीपीआर रुग्णालय आहे, शाहू महाराजांच्या नावाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले. तिथे मानसोपचार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी मानसिक उपचार मिळणे हा तुमचा हक्क ठरवला आहे, कोणाचे उपकार नाहीत. एसटीचे भाडे आणि एक दिवसाचा रोज बुडतो, हे खरे. म्हणून आधी फोन करायचा असेल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येते. ज्याला समोरासमोर बोलायची भीती आहे त्याला फोनवर बोलणे सोपे जाईल का, तर नेहमी नाही. अशा वेळी घरच्याने लावावा आणि स्पीकरवर ठेवावा.

तपासणीला दोघांनी जावे. दोन गोष्टी डॉक्टरकडून करून घ्या: थायरॉईड आणि रक्तातले हिमोग्लोबिन. थायरॉईड कमी पडले किंवा रक्त कमी असले तरी माणूस असाच मरगळतो, आणि आपल्या बायकांत रक्त कमी असणे किती आहे हे सांगायला नको. बाळंतपणानंतर पोरगी रडते, बाळाकडे बघत नाही, तर "नाटकं करते" म्हणू नका. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा वेगळा, नेहमी दिसणारा आणि बरा होणारा आजार आहे.

गोळ्यांबद्दल गैरसमज फार. नैराश्यासाठी आणि माणसांच्या भीतीसाठी देतात त्या सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या गोळ्यांची चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, थोडी अस्वस्थता वाटते, तेव्हाच बरेच जण सोडून देतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तेवढे घ्यायच्या असतात, आणि एकदम बंद करायच्या नसतात. चटक लागते ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची. त्यांपासून सांभाळा.

गोळ्यांइतकेच बोलण्याच्या उपचाराचे महत्त्व आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या 'संगत' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत आला. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ भेटी दिल्या. ते डॉक्टर नव्हते, मानसतज्ज्ञही नव्हते. मन लागेल तेव्हा काम करू असे म्हणत बसायचे नाही, छोटे काम ठरवून करायचे, मन मागून येते, एवढाच त्यांचा गाभा. नेहमीच्या उपचाराला ही जोड मिळालेल्या रुग्णांत बरे होणारे जास्त निघाले. हे गोव्यात जमते तर आपल्या विहारात का जमू नये? आपल्याकडे निवृत्त शिक्षक आहेत, आशाताई आहेत, बचत गट चालवणाऱ्या बायका आहेत. प्रशिक्षण मागायला हवे, आणि मंडळांनी ते मागावे. जयंतीच्या डीजेवर जो खर्च होतो त्यातला थोडा भाग यासाठी बाजूला काढला तर बाबासाहेबांचा काही अपमान होणार नाही.

प्रशिक्षण येईल तेव्हा येईल. वर्षावासात आपण विहारात रोज 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचतो. जो पोरगा मागे उभा असतो त्याला अचानक माईक हातात देऊन "चल, दोन शब्द बोल" असे करू नका. तो पुढच्या पौर्णिमेला येणार नाही. त्याला आधी सतरंज्या घालायला बोलवा. मग मेणबत्त्या लावायला. मग खीर वाढायला, म्हणजे प्रत्येकाच्या समोर दोन क्षण उभे राहणे झाले. मग सगळ्यांबरोबर वंदना म्हणायला, आणि वर्षा-दोन वर्षांनी जमले तर एक पान वाचायला. मानसोपचारात भीतीवर हाच पायरी-पायरीचा उपाय करतात. वारणेच्या बाल वाद्यवृंदातली पोरे खेड्यांतूनच आलेली होती. ती काही जन्मतः स्टेजवर बसायला शिकून आली नव्हती, रोजच्या तालमीने धीट झाली.

पटाचारेची कथा आपल्याला माहीत आहे. नवरा, दोन लेकरे, आई-बाप, सगळे एका फेऱ्यात गेले आणि ती भान हरपून, अंगावरचे वस्त्रही सावरायचे विसरून भटकत राहिली. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. जेतवनात ती आली तेव्हा लोकांनी अडवली. तथागतांनी तिला येऊ द्यायला सांगितले. कोणी एकाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले, ते तिने पांघरले. धम्माचा उपदेश त्यानंतरचा आहे. आपण मात्र उपदेशापासून सुरुवात करतो.

सांगायचे राहिलेले एक. या भागात उसाला, भाताला, भाजीला फवारायच्या औषधाच्या बाटल्या घरोघर असतात, कधी चुलीच्या मागे तर कधी खाटेखाली. घरातला माणूस बरेच दिवस गप्प असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, "मी नसलो तरी चालेल" असे बोलत असेल, तर आज संध्याकाळीच त्या बाटल्या घराबाहेर, कुलुपात ठेवा. किल्ली तुमच्याजवळ ठेवा. त्याला सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले याने हलके वाटते. हो म्हणाला तर रात्रीचे एकटे सोडू नका. १४४१६ लावा आणि सकाळची पहिली एसटी धरून दवाखान्यात जा. २०१७ च्या कायद्याने अशा प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून न बघता तीव्र ताणात असलेला माणूस म्हणून बघायला सांगितले आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.